कोल्हापूरचा मोटारसायकलस्वार : घाट, गॅरेज आणि उसाचा हंगाम

कोल्हापूर जिल्ह्यातून कोकणात उतरायला मोटारसायकलस्वाराला सात वाटा आहेत. शाहूवाडी तालुक्यातून दोन : आंबा घाट रत्नागिरीकडे जातो, अणुस्कुरा राजापूरकडे. गगनबावड्याला रस्ता दुभंगतो. एक फाटा करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या अंगाला. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, आजऱ्यावरून आंबोली आणि पार दक्षिणेला चंदगडच्या टोकाशी तिलारी. सकाळी शहर सोडले तर यांपैकी कोणत्याही घाटमाथ्यावर दुपारच्या जेवणाआधी पोहोचता येते. पूर्वेला मात्र सपाट, काळ्या जमिनीचा, उसाने भरलेला मुलूख आहे आणि शहराच्या कडेने पुणे-बंगळूर महामार्ग धावतो. घाट, ऊस आणि महामार्ग अशा तिन्ही प्रकारच्या रस्त्यांचे शिक्षण घरबसल्या मिळणारी शहरे महाराष्ट्रात फार नाहीत.

मोटारसायकलच्या नादाबद्दल अलीकडे पुष्कळ बोलले जाते. लडाखच्या मोहिमा, महागड्या गाड्या, कर्कश सायलेन्सर, हेल्मेटसक्ती, मोबाइलवरचे व्हिडिओ यांवर मते तयार असतात. कोल्हापूरचा रायडर समजून घ्यायचा तर सुरुवात दुसरीकडून करावी लागते, असे मला वाटते. तो कामाच्या रस्त्यावर घडला आहे. दूध घालणारा, फौंड्रीत पाळीला जाणारा, शेतावरून बाजारात आणि बाजारातून शेतावर फेऱ्या मारणारा माणूस हा इथल्या हौशी रायडरचा पूर्वज आहे. घाटात गाडी कशी मारायची, इंजिनचे दुखणे कसे ओळखायचे, कुठे थांबायचे, हे शहाणपण त्याच्याकडून आलेले आहे. या नादाचा आढावा घेताना मी तेच शहाणपण शोधतो आहे. ते आज कुठे टिकले आहे आणि कुठे विरत चालले आहे?

आधी गाड्यांचा इतिहास, थोडक्यात. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत देशात मोटारसायकलींची तीनच मोठी घराणी होती. मद्रासला १९५५ पासून बुलेट बनू लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी बाहेर पडली. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या तंत्रावर १९६२ पासून राजदूत काढली. तिघींच्या प्रकृती वेगळ्या होत्या. बुलेट जड, चार स्ट्रोकची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. तिच्यावर हात बसलेल्या माणसाला दुसरी गाडी चालवताना काही दिवस पाय आवरावे लागत. येझदीत एकच दांडी किकचे आणि गिअरचे अशी दोन्ही कामे करी. राजदूत दणकट, दुरुस्तीला सोपी आणि खेड्यातल्या रस्त्याला न कंटाळणारी. राज कपूर यांच्या ‘बॉबी’ने १९७३ मध्ये राजदूतच्या एका छोट्या मॉडेलला तरुणांचे लाडके केले. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र राजदूत प्रतिष्ठेला पोहोचली ती दुधाच्या किटल्यांमुळे.

दूधवाल्याच्या गाडीकडे बारकाईने पाहायला हवे. पहाटे गावातून निघायचे, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायच्या आणि शहरात रतीब घालून उन्हे वर यायच्या आत परतायचे. काठोकाठ भरलेली किटली शांत असते. अर्धी भरलेली किटली त्रास देते, कारण आतले दूध वळणावर गाडीच्या उलट दिशेने जाते आणि ब्रेक दाबला की पुढे उसळते. म्हणून दूधवाला वळण घेण्याआधीच वेग उतरवतो, वळणात ब्रेकला हात लावत नाही आणि वळण संपल्यावर हळूहळू रेस देतो. रायडिंगच्या महागड्या प्रशिक्षण शिबिरांत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या कित्येक माणसांनी ते कुणी न शिकवता आत्मसात केले, कारण सांडलेल्या दुधाचा हिशेब रोज संध्याकाळी घरी द्यावा लागत होता.

१९८५ हे वर्ष सगळ्यांना आठवते. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि यामाहाची आरएक्स १०० सुद्धा. एकीने पेट्रोल वाचवायला शिकवले, दुसरीने ते जाळण्यातला आनंद दाखवला. आरएक्सचे इंजिन जेमतेम ९८ सीसीचे, ताकद सुमारे ११ अश्वशक्तीची आणि गाडी वजनाला शंभर किलोच्या आसपास. या गणितामुळे ती सिग्नलवरून सुटताना मोठ्या गाड्यांनाही मागे टाकत असे. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. पण कोल्हापूरच्या पेठांमध्ये आरएक्स आणि येझदी या दोन्ही गाड्या अजून दिसतात, आणि चांगल्या ठेवलेल्या आरएक्सला मूळ किमतीच्या कित्येक पट मोल येते. पुढे १९९४ ची स्प्लेंडर, २००१ ची पल्सर, मग केटीएम, २०१६ ची हिमालयन अशी रांग लागली. नंतरचा इतिहास बहुतेकांनी स्वतःच पाहिला आहे.

जुन्या गाड्या इथे टिकल्या त्याचे कारण शिवाजी उद्यमनगरात आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कल्पक कारागीर-उद्योजकांनी या शहरात यंत्रकामाची परंपरा उभी केली. ऑइल इंजिने बनली, लेथ फिरू लागले, ओतकामाच्या भट्ट्या पेटल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत आज देशातल्या मोठ्या वाहन कंपन्यांसाठी कास्टिंग तयार होते. मेनन यांच्या कारखान्यांतून पिस्टन जातात. ज्या गावात सिलिंडर ओतायचा कसा, बोअर मारायचा कसा आणि शाफ्टचा हजारावा भाग मोजायचा कसा हे गल्लीतल्या माणसाला ठाऊक आहे, तिथे कंपनीने एखादा पार्ट बनवणे बंद केले म्हणून गाडी भंगारात जात नाही. येझदीची बुशिंग, बुलेटच्या जुन्या मॉडेलचा एखादा पितळी तुकडा, राजदूतच्या क्लचमधली प्लेट या वस्तू लेथवर उतरवून घेता येतात. सिलिंडर झिजला की पाव मिलिमीटरने बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. पुन्हा झिजला की आणखी पाव. असे दोन-तीन वेळा करून गाडी तिसऱ्या पिढीच्या हाती जाते.

इथला मेस्त्री गाडी उघडण्याआधी ऐकतो. स्टँडवर चढवून रेस देतो, हेडजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतो. व्हॉल्व्ह वाजतोय, टायमिंग चेन सैल झाली आहे की मोठ्या बेअरिंगचा आवाज आहे, हे तो सांगतो आणि मगच पान्याला हात घालतो. ‘गाडी लई पिदाडलीस बघ,’ एवढे म्हणून तो मालकाकडे पाहतो, तेव्हा मालकाला मागच्या महिन्यातला प्रत्येक किलोमीटर आठवतो. मनापासून गाडी मारणाऱ्या माणसाच्या आयुष्यात या मेस्त्रीचे स्थान घरच्या डॉक्टरसारखे आहे. रविवारी घाटावर जायचे तर शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडे चक्कर होते : चेन ओढून घेणे, ब्रेक लायनर बघणे, प्लग साफ करणे, क्लच वायरला ऑइल सोडणे. चैत्रात जोतिबाची यात्रा भरते तेव्हा याच मेकॅनिकांची मंडळी यात्रामार्गावर बसून भाविकांच्या दुचाक्या मोफत दुरुस्त करून देतात, पंक्चर काढून देतात. खंडेनवमीला पाना-पक्कड आणि गाडी शेजारी शेजारी ठेवून झेंडूचे हार घालणारे हे लोक आहेत. शहराच्या मोटारसायकल-संस्कृतीचे खरे धारकरी मी त्यांना मानतो.

महापुराने त्यांची परीक्षा घेतली. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगा शहरात शिरली. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि तळमजल्यावर लावलेल्या गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर पहिली चूक होते ती किक मारण्याची. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर घालवायचे, दुधाळ झालेले ऑइल टाकून द्यायचे, टाकी आणि कार्ब्युरेटर मोकळे करायचे, वायरिंगचे जोड सुकवायचे, नवे ऑइल भरून इंजिन थोडे चालवायचे आणि तेही पुन्हा बदलायचे. हे ज्यांना माहीत होते त्यांच्या गाड्या वाचल्या. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याला ते पाठ असले पाहिजे.

आता घाटांकडे वळू, कारण इथल्या माणसाचे साहस तिथे आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवरचा पन्हाळा ही पहिली पायरी. चारशे मीटरच्या आसपास चढ, रुंद वळणे आणि वर गेल्यावर झुणका-भाकर. २०२१ च्या पावसात गडावर जाणारा रस्ता खचला आणि मोठ्या गाड्यांची वाट बराच काळ बंद झाली, तेव्हा या रस्त्याचे मोल शहराला नव्याने कळले. पन्हाळ्यावर हात बसला की पोरे गगनबावड्याला जातात. अंतर ५५ किलोमीटर. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि दक्षिणेला आंबोलीत सात हजारांच्या आसपास. घाटमाथ्याकडे जाताना आकाश कसे बदलते ते चारचाकीच्या काचेआडून कळत नाही. कळे सोडले की हवेत गारवा येतो, साळवणच्या पुढे रस्त्याच्या कडेला शेवाळ दिसू लागते आणि गगनबावड्याच्या अलीकडे ढग रस्त्यावर उतरलेले असतात. अंगावर येणाऱ्या या बदलासाठीच माणसे चार चाके परवडत असूनही दोन चाकांवर बसतात. ही ओढ ज्याला कळली नाही त्याला ती केवळ वेगाची हौस वाटते.

घाट उतरण्याची विद्या वेगळी आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुना नियम. इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रल करून, इंजिन बंद ठेवून उतरण्याची सवय पेट्रोल वाचवण्याच्या काळात अनेकांना लागली. तिने ड्रम ब्रेक तापून निकामी होत आणि अपघात ओढवत. राजदूत, येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांची आणखी एक अडचण होती. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असे. उतारावर रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये उतरले की इंजिन जोरात फिरते, पण पेट्रोलबरोबर येणारे ऑइल मिळत नाही आणि पिस्टन धरतो. म्हणून जाणता माणूस उतारावर मधूनमधून थोडी रेस देत असे. चार-स्ट्रोक गाड्यांवर वाढलेल्या पिढीला हे कधी करावे लागले नाही. तरी इंजिनला काय हवे आहे याचा विचार करत गाडी मारणे ही सवय त्यातूनच आली.

पावसाळ्यात करूळ किंवा भुईबावडा उतरताना आणखी बरेच काही सांभाळावे लागते. डोंगरातून आलेली तांबडी माती वळणाच्या नेमक्या आतल्या बाजूला साचते. रंगवलेले पांढरे पट्टे ओले झाले की टायर धरत नाहीत. दरडीतून सुटलेला नारळाएवढा दगड धुक्यात दिसत नाही. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक सरकते, म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू आणि गाडी सरळ असताना लावायचे. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाल्याने चाक जाम होण्याचा धोका कमी झाला, पण झुकलेल्या गाडीला चिखलात एबीएस तारत नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. दाजीपूर आणि आंबोलीच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर वेग उतरवायचाच, कारण गवा रस्त्यावर येतो आणि तो हॉर्नला दाद देत नाही. राधानगरीचे अभयारण्य गव्यांचे आहे. रस्ता त्यांच्या घरातून जातो. रुंदीकरणासाठी २०२४ च्या सुरुवातीला करूळ घाट दीर्घकाळ बंद झाला तेव्हा कित्येकांनी भुईबावडा आणि फोंड्याची वाट धरली आणि या जुन्या, अरुंद रस्त्यांची ओळख नव्याने झाली. रुंद काँक्रीटच्या घाटात वेग वाढतो. तो वेग पेलणारी माणसे आपण तयार केली आहेत का, हा प्रश्न मात्र रस्ता बांधणाऱ्या कुणी विचारलेला दिसत नाही.

तरीही या जिल्ह्यातल्या मोटारसायकलस्वाराचा मोठा शत्रू घाटात नाही. तो दिवाळीनंतर सपाट रस्त्यावर येतो. गळीत हंगाम सुरू झाला की कुंभी-कासारी, भोगावती, बिद्री, हुपरीचा जवाहर, शिरोळचा दत्त, वारणा या आणि इतर कारखान्यांकडे ऊस निघतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस, आणि मागे कधी लाल दिवा नाही, कधी रिफ्लेक्टर नाही, कधी असलेला रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याने झाकलेला. कुडित्र्याचा कुंभी-कासारी कारखाना गगनबावड्याच्या वाटेवर आहे आणि परित्याचा भोगावती राधानगरीच्या. घाटाकडे जाणारे आपले आवडते रस्ते हिवाळ्यात उसाचे रस्ते होतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना पंक्चर होऊन उभी असलेली काळी ट्रॉली अक्षरशः दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. डोळ्याने पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ ते २५ मीटर अंतर संपलेले असते, आणि डिपरवर हेडलाइटचा झोत फार लांब पोहोचत नाही.

दर हंगामात परिवहन खाते, पोलीस, कारखाने आणि सामाजिक संस्था ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. त्या स्तुत्य आहेत, पण हंगाम संपला की विसरल्या जातात. लाल कापड, चकाकणारी पट्टी, मागचा दिवा यांचा खर्च एका टन उसाच्या भावापेक्षा फारसा जास्त नाही. ऊस वजनकाट्यावर घेताना दिवा-रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली परत पाठवायची, एवढा नियम कारखान्यांनी कडक पाळला तर कितीतरी घरांतली पोरे जिवंत राहतील. हा लेख वाचणाऱ्यांत कारखान्याचा संचालक असेल तर त्याने हे मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रायडरनेही या दिवसांत रात्रीचा प्रवास टाळावा, आणि टाळता येत नसेल तर आपल्या झोतात जेवढे अंतर दिसते त्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.

हेल्मेटचा वाद कोल्हापूरला नवा नाही. पुण्याप्रमाणे इथेही सक्तीविरोधात आवाज उठले : शहरात वेग कुठे असतो, मान दुखते, ऐकू येत नाही, पोलिसांना दंडाचे निमित्त मिळते. यातली शेवटची तक्रार पूर्णपणे खोटी आहे असे मी म्हणणार नाही, आणि सक्ती रस्त्यावर राबवताना सौजन्य हवेच. पण आकड्यांसमोर बाकीचे मुद्दे टिकत नाहीत. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट घातले नव्हते अशा मृतांची संख्या ५०,०२९. त्यात चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो की हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही लागू आहे, आणि जून २०२१ पासून बीआयएस मानकाचे नसलेले हेल्मेट विकायलाच बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला दोनशे-तीनशे रुपयांच्या टोप्या हेल्मेट म्हणून विकल्या जातात. मागे बसलेल्या बायकोच्या किंवा आईच्या डोक्यावर काहीच नसते. ज्यांना गाडीचे खरे वेड आहे त्यांना मी या बाबतीत नेहमी पुढे पाहिले आहे. ते हनुवटीचा पट्टा लावल्याशिवाय स्टार्टर दाबत नाहीत आणि मागच्या माणसासाठी दुसरे हेल्मेट घरात ठेवतात. आरएक्सचा मालक हेल्मेट घालतो तेव्हा पेठेतली पोरे ते बघतात. पोलिसांच्या पावतीपेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

सायलेन्सरबद्दल मात्र याच मंडळींपैकी काहींवर मी नाराज आहे. कंपनीने दिलेले सायलेन्सर काढून फटाके उडवणारी पुंगळी बसवायची आणि विजयाच्या मिरवणुकीत सीपीआर रुग्णालयाच्या आसपासही रेस द्यायची, यात कसब काहीच नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीला तयार होतानाच ८० डेसिबलची मर्यादा असते. बदललेली पुंगळी ती सहज ओलांडते. चांगल्या जुळवलेल्या बुलेटचा ठोका दूर जातो, पण कुणाच्या छातीत धडकी भरवत नाही. हा फरक मेस्त्रीला कळतो आणि तो पोरांना सांगतोही. ऐकणारे कमी आहेत.

बायकांच्या हाती मोटारसायकल आल्याने इथल्या रायडरचे चित्र बदलते आहे. ‘सैराट’मधली आर्ची २०१६ मध्ये बुलेटवर बसून आली तेव्हा गावागावांतल्या मुलींना ते अशक्य वाटले नाही, कारण स्कूटीवर त्या आधीच शाळा-कॉलेजला जात होत्या. क्लच आणि गिअर तेवढे शिकायचे राहिले होते. २०२३ मध्ये रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगाच्या प्रवासाला निघाल्या. साताऱ्याच्या महिलांचा एक गट २०२१ च्या नवरात्रात साडेतीन शक्तिपीठांच्या दर्शनाला मोटारसायकलींवर निघाला होता. त्या यात्रेतल्या एका तरुण स्वाराचा नांदेड जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर ‘बायकांनी कशाला’ असे बोलणारे भेटले. असाच अपघात पुरुषाचा होतो तेव्हा कुणी पुरुषांनी गाडी मारू नये म्हणत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला गाडीवरून येणाऱ्या मुली आता कोल्हापुरात कुणाच्या नजरेत भरत नाहीत. अंधार पडल्यावर घाटरस्त्यावर थांबायला सुरक्षित जागा, स्वच्छ स्वच्छतागृह आणि पंक्चरचे दुकान मिळणे हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

मोठ्या मोहिमांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचे वर्णन सगळीकडे मिळते. कोल्हापूरहून लेह साधारण पावणेतीन हजार किलोमीटर. दर उन्हाळ्यात इथून गाड्या जातात, एमएच ०९ ची पाटी खारदुंग ला येथे फोटोत झळकते. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो, तेव्हा जुनी कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर सोडते आणि माणसाचे डोके दुखते. दोघांनाही वेळ द्यावा लागतो. नुसते पैसे खर्चून ही यात्रा करता येते, त्यामुळे तिचे अप्रूप उतरले आहे. त्याहून अवघड वाट धरणारे मराठी लोकही आहेत. २०२१ च्या डकार रॅलीत आशिष राऊराणे यांनी वाळवंटात गाडी घातली. मुंबईहून लंडनला गाडीवर पोहोचलेल्या एका मराठी तरुणाची मोटारसायकल २०२५ मध्ये नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली, आणि तिथल्या अनोळखी लोकांनी त्याला धीर दिला.

शर्यतीच्या बाबतीत मात्र एक खंत आहे. ज्या शहरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि ज्याने कृष्णराज महाडिक यांना ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत आणि ध्रुव मोहिते यांना देशातल्या टूरिंग कारच्या मालिकेपर्यंत पाठवले, त्या शहराचे सर्किटवरचे नाव चारचाकीत आहे. दुचाकीवर तेवढेच कसब असलेली पोरे उद्यमनगरात आणि पेठांत आहेत, पण सर्किटवर गाडी मारायची तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकला जायचे. प्रवास, टायर, सूट, प्रवेश फी हा खर्च मेकॅनिकच्या पोराला झेपत नाही. मग तो रात्री रिकाम्या महामार्गावर ताणतो. शिरोली किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी मोकळी, बंदिस्त जागा महिन्यातून एक रविवार देऊन तिथे रुग्णवाहिका, पंच आणि एखादा अनुभवी शिक्षक उभा केला तर हा धोका बराच कमी होईल. खासबागचे मैदान बांधताना शाहू महाराजांनी पोरांच्या ताकदीला जागा दिली होती. आज तशी जागा या पोरांना हवी आहे.

नव्या काळाचा प्रश्न टाकीतून येतो आणि तोही उसाशी जोडलेला आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. ज्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून हे इथेनॉल बाहेर पडते, त्याच जिल्ह्यात सर्वांत जपलेल्या जुन्या गाड्या आहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घसरते. ते हवेतला ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, ओ-रिंगा, कार्ब्युरेटरच्या आतले भाग यांना सोसत नाही. आरएक्स किंवा येझदी महिनाभर टाकी अर्धी ठेवून उभी केली की टाकीच्या तळाला गंज धरतो. ऊस पिकवणारा शेतकरी आणि जुनी बुलेट जपणारा माणूस अनेकदा एकच असतो, म्हणून या प्रश्नावर इथे कुणी एका बाजूने बोलत नाही. उसाला भाव हवा आणि गाडीही टिकली पाहिजे. मेस्त्रींनी उपाय शोधले आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवायच्या, जेट किंचित मोठा करायचा, गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करायचा किंवा टाकी काठोकाठ भरून ठेवायची.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के झाला. साडेतीनशेची बुलेट किंवा जावा घ्यायला पाडव्या-दसऱ्याची वाट पाहणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. शहरात रोजच्या फेऱ्यांसाठी विजेच्या स्कूटर वाढत आहेत आणि ते चांगलेच आहे. गगनबावड्याला जाऊन-येऊन ११० किलोमीटर, त्यात चढ, त्यात पावसाळी गारठा. पुरेशी चार्जिंग केंद्रे घाटमाथ्यावर होईपर्यंत विजेची मोटारसायकल इथल्या रविवारची होणार नाही. गॅरेजांत बदल मात्र सुरू झाला आहे. बीएस-६ च्या गाड्यांना २०२० पासून सेन्सर आणि इंजेक्शन आले, तेव्हा कानाने निदान करणाऱ्या मेस्त्रीच्या शेजारी स्कॅनर घेऊन बसणारा त्याचा मुलगा दिसू लागला. काही ठिकाणी दोघे एकाच गाडीवर काम करतात : मुलगा एरर कोड वाचतो आणि बाप सांगतो की कोड सेन्सरचा असला तरी दोष उंदराने कुरतडलेल्या वायरचा आहे. अशी गॅरेजे मी शोधून ठेवतो आणि ओळखीच्या प्रत्येक नव्या स्वाराला, घाट दाखवायला नेण्याआधी, त्यांचा पत्ता देतो.